मरगळीवर नव्वद मिनिटं : ‘टॉप सीक्रेट!’ पुन्हा पाहताना

मन उतरलेलं असताना नवा सिनेमा लावण्यात एक अडचण असते. नवा सिनेमा लक्ष मागतो. कोण कुणाच्या मागावर आहे, कुठला कागद कुणाच्या हाती लागला, हे डोक्यात धरून ठेवावं लागतं आणि नेमकं तेच त्या वेळी जमत नसतं. आधी पाहिलेला, शेवट ठाऊक असलेला आणि तरीही हसवणारा सिनेमा हाताशी असला की अर्धं काम झालेलंच असतं. हेरपटांच्या विडंबनांपैकी या कामाला सगळ्यात भरवशाचा कोणता, असं विचारलं तर आमचं मत १९८४ च्या ‘टॉप सीक्रेट!’ला.

दिग्दर्शक तिघे : जिम एब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी हे झुकर बंधू. १९८० साली त्यांनी ‘एअरप्लेन!’ केला आणि तो तुफान चालला. ‘टॉप सीक्रेट!’च्या वाट्याला तसं यश आलं नाही. का नाही आलं, हे सिनेमा पाहताना कळतं. पहिल्या खेपेला जी त्याची लंगडी बाजू वाटते, तीच दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कामी येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आम्ही पाचपैकी तीन गुण देऊ म्हणून सांगू. पुन्हा पाहणाऱ्याला बिनदिक्कत साडेचार.

गोष्ट दोन वाक्यांत संपते. निक रिव्हर्स हा अमेरिकन रॉक गायक सांस्कृतिक महोत्सवासाठी पूर्व जर्मनीत जातो; महोत्सव म्हणजे नुसता देखावा, त्याच्या आड लष्कर नाटो देशांच्या पाणबुड्या उडवायचा बेत रचतंय आणि त्यासाठी लागणारं अस्त्र बनवायला डॉ. फ्लॅमंड या शास्त्रज्ञाला डांबून ठेवलंय. शास्त्रज्ञाची मुलगी हिलरी निकला भेटते, भूमिगत क्रांतिकारकांची टोळी भेटते, सुटका होते. बस. यातलं काहीही लक्षात नाही राहिलं तरी बिघडत नाही.

काळाचा तर पत्ताच नाही. पूर्व जर्मनी शीतयुद्धातली, पण गणवेश, मोटारी आणि भूमिगत टोळी दुसऱ्या महायुद्धातली. नायक गातो ती गाणी पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांतली. याचं कारण असं की दिग्दर्शकांनी दोन वेगळ्या जातींचे सिनेमे एकाला एक चिकटवले आहेत : एल्व्हिस प्रेस्लीचे गाण्यांचे सिनेमे आणि चाळिशीच्या दशकातले नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्याचे कृष्णधवल सिनेमे. ‘एअरप्लेन!’ला १९५७ च्या एका गंभीर विमानपटाचा आयता सांगाडा मिळाला होता. त्यातले प्रवासी वाचणार की नाही, याची थोडी तरी धाकधूक प्रेक्षकाला वाटत राहते. इथे तसा सांगाडाच नाही. निक पकडला गेला काय आणि सुटला काय, कुणाच्या छातीत धडधड होत नाही. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला ही उणीव जाणवणारच. पण मरगळलेल्या माणसाला ताण नकोच असतो. कुठूनही सुरू करा, कुठेही थांबवा, मध्येच उठून पाणी पिऊन या. काही निसटत नाही.

मग पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं राहतं काय? तर चौकट. या त्रिकुटाचा सगळा जोर पडद्याच्या कानाकोपऱ्यांत भरलेल्या गोष्टींवर असतो. पुढे दोन माणसं पोटतिडकीनं बोलत असतात आणि मागे काहीतरी अशक्य घडत असतं. बोलणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो, कॅमेरा तिकडे वळत नाही, संगीत इशारा देत नाही. पहिल्या खेपेला डोळे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतात, त्यामुळे बऱ्याच गमती हातून जातात. म्हणून पहिली व्यावहारिक सूचना : संवाद ऐका, पण डोळे बोलणाऱ्यावर ठेवू नका. नजर चौकटीच्या कडांवरून फिरवा, विशेषतः खिडक्या, भिंतीवरची चित्रं आणि मागच्या टेबलांवरची माणसं.

दुसरी गोष्ट म्हणजे नटांचे गंभीर चेहरे. विनोदी नट घ्यायचे नाहीत, गंभीर भूमिका केलेले नट घ्यायचे आणि त्यांना विनोद होतोय हे माहीतच नाही असं वागायला लावायचं, ही या दिग्दर्शकांची रीत. ‘टॉप सीक्रेट!’मध्ये ती जितक्या निर्लज्जपणे वापरलीय तितकी क्वचितच कुठे असेल. गुप्तहेर सेड्रिकच्या भूमिकेत ओमर शरीफ आहे, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तला. वाळवंटातून उंटावर येणाऱ्या त्या रुबाबदार माणसाला इथे मोटारीसकट भंगाराच्या यंत्रात दाबून चौकोनी ठोकळा केलंय, आणि तो ठोकळा अंगावर घेऊन तो पुढच्या प्रसंगात मोहिमेवर हजर! शरीफच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. डॉ. फ्लॅमंड झालाय मायकेल गॉफ, जो पुढे १९८९ च्या ‘बॅटमॅन’मध्ये बटलर आल्फ्रेड म्हणून घराघरांत पोचला. जनरल श्ट्रेकच्या भूमिकेतला जेरेमी केम्प तर असा वावरतो, जणू त्याला हा युद्धपटच आहे असं सांगून सेटवर आणलंय. भूमिगत टोळीत देजा व्हू नावाचा एक गडी आहे; तो जिम कार्टर, ‘डाउनटन ॲबी’तला करारी बटलर कार्सन. ती मालिका पाहिलेल्यांना त्याचं प्रत्येक दर्शन फुकटचा बोनस.

पडद्यामागची मंडळीही अशीच. संगीत मॉरिस जारचं. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’साठी ऑस्कर मिळवलेला हाच माणूस, आणि १९८४ च्याच ‘अ पॅसेज टु इंडिया’साठी त्यानं आणखी एक ऑस्कर नेलं. म्हणजे एकाच वर्षी एका हातानं डेव्हिड लीनचा भव्य सिनेमा आणि दुसऱ्या हातानं हा आचरटपणा, आणि दोन्हीकडे वाद्यवृंद तितकाच जीव तोडून वाजतोय. कलादिग्दर्शन पीटर लॅमोंटचं. त्याआधीच १९८१ आणि १९८३ च्या बाँडपटांचे सेट त्यानं उभे केले होते. त्यामुळे इथले तुरुंग, प्रयोगशाळा आणि जनरलची कचेरी खऱ्या हेरपटातली वाटतात, कारण ती खऱ्या हेरपटाच्या माणसानंच बांधलीयत. स्वस्त, पुठ्ठ्याचे सेट असते तर यातले निम्मे विनोद पडले असते. टेलिफोनचा प्रसंग पाहा.

जनरलच्या कचेरीत कॅमेऱ्याच्या अगदी पुढे टेलिफोन ठेवलाय आणि मागे, लांबवर, जनरल उभा आहे. जवळची वस्तू मोठी दिसणारच, हे सिनेमा पाहायची सवय असलेला डोळा आपोआप मान्य करतो. फोन वाजतो, जनरल चालत पुढे येतो आणि रिसीव्हर उचलतो, तेव्हा कळतं की फोन खरोखरच तेवढा अवाढव्य आहे. विनोदाचा कणा हा की दिग्दर्शकांनी खोटं काहीच दाखवलेलं नाही. फसवलं ते आपल्या सवयीनं. दुसऱ्यांदा पाहताना फोनकडे न पाहता जनरलच्या चालण्याकडे पाहा. तो जसजसा जवळ येतो तसतसं फोनचं माप बिघडायला लागतं, आणि ती दोन-तीन पावलं हीच खरी मजा.

याच कुळीतले आणखी दोन. शेतातून सरपटत जाणाऱ्या माणसांना समोर शिपायाचे बूट दिसतात. सगळे श्वास रोखतात. मग कळतं की तिथे नुसते बूटच आहेत, वर माणूस नाही. आणि रेल्वे स्थानकावर गाडी सुटते तेव्हा डब्यातून फलाट मागे जाताना दिसतो. प्रत्यक्षात गाडी जागेवर उभी आहे आणि फलाटच माणसांसकट निघून चाललाय. संगणकावर चित्रं बनवायच्या आधीचा काळ होता तो. फलाट सरकायचा तर सेटच सरकवावा लागे. ज्यांना सेटच्या कामात रस आहे त्यांनी हा प्रसंग थांबवून बघावा. फलाटावरची माणसं त्या धक्क्यात तोल सांभाळून स्वस्थ उभी आहेत, हे पाहण्यासारखं आहे.

त्याच प्रवासात निक डब्यात बसून खिडकीबाहेरच्या दृश्याचं चित्र काढत असतो. चित्र दिसतं तेव्हा त्यात नुसते आडवे फराटे, कारण गाडी वेगात आहे आणि गड्यानं दिसलं तसं रंगवलं! हा विनोद दोन सेकंदांचा. त्यावर कुणी थांबत नाही, हसत नाही. खाली मान घालून संदेश वाचणाऱ्यांचा तो हमखास चुकतो.

आता स्वीडिश पुस्तकांचं दुकान. या सिनेमावर दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल, पण याबद्दल लिहायलाच हवं. निक आणि हिलरी एका दुकानात येतात. मालक झालाय पीटर कुशिंग, भयपटांतला दिग्गज आणि १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला तो थंड रक्ताचा टार्किन. सुरुवातीला त्यानं डोळ्यासमोर भिंग धरलंय, त्यामुळे एक डोळा राक्षसी दिसतो. भिंग खाली येतं आणि डोळा तेवढाच! ही टेलिफोनचीच युक्ती, रंगभूषेच्या साहाय्यानं. पण ती नुसती सलामी.

मग आत सुरू होतो तो दोनेक मिनिटांचा सलग, न कापलेला प्रसंग. तिघे स्वीडिश वाटणाऱ्या भाषेत बोलतात, पुस्तकं वर फेकली की नेमकी फळीवर जाऊन बसतात, निक खांबावरून घसरत वर जातो. सगळा प्रसंग नटांनी उलटा सादर केला, उलटं चालत, उलट्या क्रमानं. आणि ती फिल्म उलटी फिरवली. म्हणजे फळीवर जाऊन बसणारं पुस्तक प्रत्यक्षात फळीवरून खाली पडलंय आणि हातात झेललं गेलंय. खांबावर ‘चढणारा’ निक प्रत्यक्षात खाली घसरलाय. आणि ती स्वीडिश भाषा म्हणजे उलटे वाजलेले आवाज.

एकसलग प्रसंग असल्यामुळे एकाची चूक झाली तरी सगळं पहिल्यापासून करावं लागणार, हे लक्षात घेतलं की कुशिंगसारख्या म्हाताऱ्या नटाची कमाल कळते. हा प्रसंग पुढील क्रमानं तीनदा पाहावा. एकदा सरळ, काही न शोधता. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून, फक्त पायांकडे बघत : वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना एक बारीक हिसका बसतो, शरीर पावलाच्या किंचित आधी निघतं. तिसऱ्यांदा फक्त वस्तूंकडे, म्हणजे पुस्तकं, कपड्यांची टोकं आणि दुकानातला कुत्रा. कुत्र्याला अभिनय शिकवता येत नाही, त्यामुळे गुपित तोच आधी फोडतो. डिस्क किंवा फाइल व्हीएलसी प्लेअरवर लावली असेल तर ‘ई’ ही कळ दाबून एकेक चौकट पुढे सरकवता येते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबानं पुस्तक हातातून ‘सुटतं’ तो क्षण सापडायला वेळ लागत नाही.

एक सूचना. या प्रसंगातल्या बोलण्याचा अर्थ पडद्यावर अक्षरांत येतो आणि दिसणाऱ्या गोष्टींइतकाच त्यालाही भाव आहे. काही प्रतींमध्ये ही अक्षरं चित्राचा भाग नसून वेगळ्या उपशीर्षकांच्या पट्टीत असतात. उपशीर्षकं बंद असतील तर ती गायब होतात आणि प्रसंग नुसता विचित्र वाटतो. तेव्हा सुरुवातीलाच इंग्रजी उपशीर्षकं चालू करून ठेवा. ती आवाजाच्या मागे-पुढे पडत असतील तर व्हीएलसीवर ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी जुळवता येतात. इतर सिनेमांत अर्ध्या सेकंदाचा फरक खपून जातो. इथे विनोद ऐकू येण्याआधी वाचला गेला तर तो तिथेच मेला.

डब केलेली प्रत मिळाली तरी घेऊ नका. यातला मोठा भाग इंग्रजी शब्दांच्या कोट्यांचा आहे आणि कोट्या दुसऱ्या भाषेत नेता येत नाहीत. त्या जागी डबिंगवाले स्वतःचे विनोद घुसडतात आणि नटांचे गंभीर चेहरे त्यांच्याशी जुळत नाहीत. पडद्याचं मापही तपासा. सिनेमा १.८५ : १ या रुंद चौकटीचा आहे. जुन्या दूरदर्शन संचांसाठी कडा छाटलेली चौकोनी प्रत लावली तर ज्या कडांकडे बघायचं म्हणून वर सांगितलं त्याच नाहीशा झालेल्या असतात. टीव्हीवर चित्र ‘ताणून’ किंवा ‘झूम’ करून पाहणंही त्याच कारणानं टाळावं. आणि नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. त्या सोयीमुळे फिल्म एखाद्या मालिकेसारखी दिसायला लागते, आणि हा विनोद तर चित्र जुन्या युद्धपटासारखं दिसण्यावर उभा आहे.

व्हॅल किल्मरबद्दल वेगळं बोलायला हवं. हा त्याचा पहिला सिनेमा. न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये नाटकाचं शिक्षण घेऊन आलेला चोविशीतला पोरगा, आणि निकची सगळी गाणी त्यानं स्वतः गायलीयत. ती नुसती निभावलेली नाहीत. आवाज, कमरेचा झटका, ओठाची मुरड, सगळं खऱ्या रॉक गायकाला शोभेल असं आहे. गाण्यांची ध्वनिमुद्रिका बाजारात आली तीही ‘निक रिव्हर्स’ या नावानं. सुरुवातीच्या गाण्यात कॅलिफोर्नियाच्या लाटांवर फळीवरून घसरणारी मंडळी त्याच वेळी बंदुकीनं हवेत फेकलेल्या नेमबाजीच्या तबकड्या उडवत असतात, आणि चाल थेट साठीच्या दशकातल्या किनाऱ्यावरच्या गाण्यांची. डोळे मिटले तर कुणालाही ते तेव्हाचंच खरं गाणं वाटेल. विडंबन करणाऱ्याला मूळ गोष्ट नीट करता आली पाहिजे, हे इथे कानांनी कळतं. किल्मर पुढे १९८६ च्या ‘टॉप गन’नं जगभर पोचला आणि त्याच्याकडे जास्त करून गंभीर भूमिका येत गेल्या. १ एप्रिल २०२५ ला तो गेला. त्यानंतर हा सिनेमा पाहताना एखाद-दुसऱ्या गाण्यापाशी थोडं थबकायला होतं; पण पुढच्याच मिनिटाला तो गाईच्या कातड्यात शिरतो, त्यामुळे जड वाटायला फार वेळ मिळत नाही.

उदास माणसाला सगळ्यात लागू पडेल असा विनोद तुरुंगात आहे. छळामुळे निक बेशुद्ध पडतो आणि त्याला स्वप्न पडतं : शाळा, रिकामे कॉरिडॉर, परीक्षा सुरू झालीय आणि अभ्यास काहीच झालेला नाही. दचकून जागा होतो, बघतो तर त्याला चाबकानं फोडून काढतायत, आणि त्याच्या चेहऱ्यावर हुश्श असा भाव! पंधरा-वीस सेकंदांचा खेळ. याला पार्श्वभूमी लागत नाही, हेरपट पाहिलेले असावे लागत नाहीत. कुणाला हा सिनेमा आवडेल की नाही याची चाचणी घ्यायची झाल्यास हा प्रसंग दाखवावा. यावर हसला नाही तर पुढचं दाखवून उपयोग नाही.

काही विनोदांना मात्र टीप लागते. जर्मनांची जीप थांबता थांबता समोरच्या गाडीला जेमतेम टेकते आणि ती गाडी आगीच्या लोळात उडते. ती गाडी फोर्ड पिंटो. सत्तरच्या दशकात या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला अशा जागी होती की मागून धडक बसली तर पेटायचा धोका होता. १९७८ साली फोर्डनं सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. १९८४ च्या अमेरिकन प्रेक्षकाला हे तोंडपाठ होतं. आज न सांगता तो नुसता एक स्फोट वाटतो. बागेतल्या कबुतराच्या पुतळ्याला टीप लागत नाही : पुतळा भल्यामोठ्या कबुतराचा, आणि त्यावर येऊन बसणारी व घाण करणारी माणसं.

शेवटाकडची पाण्याखालची मारामारी ऐकायला साधी वाटते. नदीच्या तळाशी वेस्टर्न सिनेमातला अख्खा दारूचा गुत्ता आहे, आणि निक व खलनायक तिथे बाटल्या फोडत, खुर्च्या घालत भिडतात. हे खरोखर पाण्याखाली चित्रित केलंय. पाण्याचा अडसर असल्यानं ठोसा पोचायलाच वेळ लागतो, खुर्ची हळूहळू तरंगत येते, आणि तरीही दोघं जणू धूळ उडतेय अशा आवेशात लढतात. पहिल्या खेपेला कल्पनेवर हसू येतं. पुन्हा पाहताना लक्ष द्यायचं ते गुत्त्यातल्या इतर गिऱ्हाइकांकडे.

आता जे जमलेलं नाही त्याबद्दल. बटाट्याच्या शेतावर भूमिगत टोळीशी गाठ पडते तिथून सिनेमा खाली बसतो. टोळीचा म्होरक्या नायजेल हा हिलरीचा जुना प्रियकर निघतो आणि त्यांचा निर्जन बेटावरचा पूर्वेतिहास सविस्तर दाखवला जातो. हे ‘द ब्लू लगून’ या १९८० च्या सिनेमाचं विडंबन. मूळ सिनेमा आज फारसा कुणाच्या लक्षात नाही, आणि मूळ माहीत असलं तरी विनोद एकच असून तो ताणलाय. वर सांगितलेला सांगाड्याचा अभाव इथेच नडतो. विनोदांचा वेग कमी झाला की मागे धरून ठेवायला गोष्ट नाही. हा भाग पुढे ढकलला तर काही बिघडत नाही. पिझ्झाच्या दुकानातलं गाणं लागलं की थांबायचं. आपण खरंच निक रिव्हर्स आहोत हे पटवून देण्यासाठी निक तिथे गातो आणि सिनेमाला पुन्हा जीव येतो.

काही गोष्टी आज खटकतील. टोळीतल्या बहुतेकांना फ्रेंच शब्दांची नावं आहेत, ते ठीक. पण त्यातल्या कृष्णवर्णीय गड्याचं नाव ‘चॉकलेट मूस’ ठेवून त्याला नुसता मशीनगन चालवणारा आडदांड करून ठेवलाय, हे हसून सोडून देण्यासारखं नाही. समलिंगी माणसांवरचे एक-दोन टोमणे तसेच. लहान मुलांसोबत पाहायचा बेत असेल तर आधी एकदा एकट्यानं पाहून घ्या. वेष्टणावर ‘पीजी’, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं पाहावा, असं प्रमाणपत्र दिसतं आणि फसगत होते. सिनेमा २२ जून १९८४ ला लागला आणि अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना जास्त सावध करणारा ‘पीजी-१३’ हा वर्ग १ जुलैपासून सुरू झाला. नऊ दिवसांनी उशिरा आला असता तर बहुधा त्याच वर्गात गेला असता. बॅलेचा प्रसंग, कामुक खेळण्याचा एक विनोद आणि गाईच्या सोंगातल्या दोघांवर बैल चाल करून येतो तो भाग, हे तीन मुलांपुढे अडचणीचे.

गाईचं ते सोंग तसं झकास आहे, बैलाचा शेवट सोडला तर. दोन माणसं एका गाईत शिरून पहारा असलेल्या जागी घुसतायत, गाईच्या पायात रबरी बूट, आणि आजूबाजूच्या पहारेकऱ्यांना काही वावगं वाटत नाही. त्याच धामधुमीत एक पहारेकरी उंचावरून खाली पडतो आणि त्याचे चिनीमातीच्या मूर्तीसारखे तुकडे होतात. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात हे होऊन जातं.

पूर्ण नव्वद मिनिटं बसवत नसेल तर असे तुकडे करावेत. पहिला तुकडा सुरुवातीपासून रेल्वे प्रवास संपेपर्यंत : धावत्या गाडीच्या टपावरची हाणामारी, तबकड्यांचं गाणं, टेलिफोन, चित्र, फलाट. विनोदांची दाटी सगळ्यात जास्त इथेच आहे. दुसरा तुकडा तुरुंगापासून पुस्तकांच्या दुकानापर्यंत. तिसरा, गाईपासून शेवटापर्यंत. तीन संध्याकाळी तीन तुकडे हे एका बैठकीपेक्षा बरं पडतं, कारण अशा विनोदांना डोळे ताजे लागतात. तासाभरानं नजर कडांवर जायची थांबते आणि माणूस पुन्हा नुसता चेहऱ्यांकडे पाहू लागतो.

दोन पारायणांत अंतर किती ठेवायचं? टेलिफोन, बूट, फलाट हे उलगडण्याचे विनोद आहेत. ते लागोपाठ पाहिले तर झिजतात, तेव्हा निदान वर्षभर जाऊ द्यावं. केम्पचा चेहरा, शरीफचा ठोकळा, स्वीडिश दुकान हे मात्र सहा महिन्यांनीही तेवढेच चालतात, कारण त्यांत लपवलेलं काही नाही. जे आहे ते करण्याच्या पद्धतीत आहे. सोबतीला कुणी असेल तर ज्यानं पाहिलेला नाही असा एकच माणूस घ्यावा. दोघं-तिघं जाणकार जमले की प्रत्येक जण पुढचा विनोद आधी सांगायला लागतो.

सुरुवातीचा हुरूप टिकला आणि याच घाटणीचं आणखी हवं असेल तर बाँडची नक्कल करणाऱ्या नव्या सिनेमांकडे जाण्याआधी याच त्रिकुटाची १९८२ ची ‘पोलीस स्क्वाड!’ ही मालिका लावावी. हेरांऐवजी पोलीस आहेत, पण रीत तीच, आणि नायक लेस्ली नील्सन. वाहिनीनं ती सहा भागांतच गुंडाळली, त्यामुळे रोज एक याप्रमाणे आठवड्याच्या आत संपते. प्रत्येक भाग जेमतेम अर्ध्या तासाचा. भागाच्या शेवटी चित्र गोठलं असं वाटून लगेच बंद करू नका. चित्र गोठलेलं नसतं, नट नुसते स्तब्ध उभे असतात, आणि एका भागात तर ओतली जात असलेली कॉफी कपाबाहेर वाहत राहते.